मेंदूमृत दात्याची काळजी: दुसऱ्या चाचणीपासून ओटीपर्यंत (ऑपरेशन थिएटरपर्यंत) मूत्रपिंडं कशी सांभाळायची

दुसरी ॲप्निया टेस्ट (व्हेंटिलेटरच्या आधाराशिवाय श्वास येतो का ते पाहणारी चाचणी) होते, मेंदूमृत्यू प्रमाणित करणाऱ्या फॉर्म १० वर चार डॉक्टरांच्या सह्या होतात, आणि आयसीयूतल्या त्या बेडभोवतीचं सगळं सैल पडतं. दर तासाची लघवीची नोंद चार तासांवर जाते. सिस्टरकडे दुसरा पेशंट सोपवला जातो, रेसिडेंट नव्या ॲडमिशनकडे वळतो. बाहेर नातेवाईक निर्णयाशी झगडत असतात, कोऑर्डिनेटर फोनला चिकटलेली असते. या मधल्या आठ-बारा तासांतच मूत्रपिंडं मार खातात. त्याचा हिशेब दुसऱ्या कुठल्या तरी हॉस्पिटलात होतो. तिथे किडनी बसवलेला माणूस पहिला आठवडा पुन्हा डायलिसिसवर पडून राहतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा लेख ठाणे आणि नवी मुंबईतल्या आयसीयूंमधल्या सिस्टर्स, रेसिडेंट डॉक्टर आणि ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर यांच्यासाठी आहे. त्याच त्या चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की एकदा क्रमवार लिहून काढाव्यात असं वाटलं. डोस प्रौढ दात्याचे आहेत. शेवटचा शब्द तुमच्या आयसीयूप्रमुखांचा आणि तुमच्या हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलचा.

टप्पा १: पहिल्या चाचणीआधीची तयारी

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. मृत्यू प्रमाणित होईपर्यंत समोरचा माणूस तुमचा पेशंट आहे, दाता नव्हे. त्याचे उपचार त्याच्यासाठीच चालू राहतात. चांगला रक्तदाब, चांगला ऑक्सिजन, जागेवरचं सोडियम हे सगळं त्यालाही हवंच असतं, त्यामुळे इथे कुठलाही विरोध नाही.

चाचणीआधी या गोष्टी बघा:

- कोमाचं कारण माहीत आहे आणि ते सीटीवर दिसतं आहे.
- झोपेची औषधं आणि स्नायू शिथिल करणारी औषधं शरीरातून गेलेली आहेत. मिडाझोलाम किंवा थायोपेंटोन कधी बंद केलं ती वेळ फाइलवर हवी.
- शरीराचं आतलं तापमान किमान ३६ अंश सेल्सिअस आणि सिस्टोलिक रक्तदाब १०० च्या वर आहे.
- साखर आणि सोडियम-पोटॅशियम टोकाला गेलेलं नाही.

बोर्डावर चार डॉक्टर लागतात: हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर, एक स्वतंत्र तज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन, आणि उपचार करणारे डॉक्टर. न्यूरोचे डॉक्टर मिळत नसतील तर २०११ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त फिजिशियन, सर्जन, ॲनेस्थेटिस्ट किंवा इंटेन्सिव्हिस्ट चालतात. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कोणीही या चौघांत नको. दोन चाचण्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर हवं.

तुमचं हॉस्पिटल अवयव काढण्यासाठी नोंदणीकृत नसेल, तर मुंबईच्या झेडटीसीसीला, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला, याच वेळी फोन करा. दिवा-कळव्याच्या छोट्या नर्सिंग होममधून दुसऱ्या सेंटरला हलवायचं असेल तर ते आत्ता ठरायला हवं. दोन चाचण्या उरकून मग ही धावपळ सुरू केली की वेळ हातातून जातो.

इशारा: केस मेडिकोलीगल असेल तर संबंधित पोलीस ठाण्याला पहिल्या चाचणीच्या वेळीच कळवा. घोडबंदर रोडवरचे दुचाकीचे अपघात, लोकलमधून पडलेली माणसं, सगळी याच रांगेत येतात. ठाणे, नवी मुंबई आणि मुंबई ही तीन वेगवेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत. अपघात एका हद्दीत आणि हॉस्पिटल दुसऱ्या हद्दीत असेल तर कागद फिरायला वेळ लागतो. पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमची जुळवणी उशिरा झाली की ओटीची वेळ पुढे ढकलली जाते, आणि ते तास मूत्रपिंडं भोगतात.

टप्पा २: दोन चाचण्यांमधले सहा तास

दुर्लक्षाची सुरुवात याच तासांत होते. मेंदूची सूज उतरावी म्हणून सुरू केलेलं मॅनिटॉल आणि फ्युरोसेमाइड चार्टवर तसंच राहतं, कोणी काटत नाही. त्याच सुमारास पिट्युटरी ग्रंथी बंद पडलेली असते आणि लघवी धो-धो सुरू होते. वरून औषध पाणी काढतं, आतून शरीर पाणी सोडतं.

पहिली चाचणी झाली की चार्ट हातात घ्या आणि प्रत्येक औषधासमोर विचारा: हे आता कशासाठी चालू आहे? मॅनिटॉल आणि फ्युरोसेमाइडबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्या. डायक्लोफेनॅक आणि अमिकासिनसारखी मूत्रपिंडाला त्रास देणारी औषधं टाळा. कॉन्ट्रास्टचा सीटी खरंच लागणार आहे का, तेही विचारा.

रक्ताचे नमुने याच वेळी काढून ठेवा: रक्तगट, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू), कल्चर. एचएलए (ऊतींची जुळणी) आणि व्हायरल मार्करसाठीचे नमुने मोठं रक्त चढवण्याआधी आणि स्टिरॉइडच्या आधी घ्यायचे असतात. अनेक बाटल्या रक्त आणि सलाईन गेल्यावर घेतलेल्या नमुन्यातला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसचा निगेटिव्ह रिपोर्ट पातळ झालेल्या रक्ताचा असतो. त्यावर विसंबता येत नाही.

ॲप्निया टेस्टमध्येही मूत्रपिंडाला धोका असतो. आधी १०० टक्के ऑक्सिजन द्या. व्हेंटिलेटर पूर्ण सोडून देण्यापेक्षा सीपॅपवर (सतत हलका हवेचा दाब देत) ठेवून चाचणी केली तर फुप्फुसं मिटत नाहीत आणि ऑक्सिजन घसरत नाही. कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर किंवा सुरुवातीपेक्षा २० ने जास्त गेला आणि श्वासाची हालचाल नसेल तर चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे मेंदूमृत्यूकडे बोट दाखवणारी. मधेच रक्तदाब कोसळला तर चाचणी थांबवा, एबीजी काढा. हट्टानं पुढे रेटू नका.

टप्पा ३: नातेवाइकांशी बोलणं

क्रम एकच: आधी मृत्यू सांगायचा, मग थांबायचं, मग दानाबद्दल विचारायचं. दोन्ही एका दमात सांगितलं की “किडनीसाठी घाई करताहेत” हा संशय मनात बसतो, आणि तो अगदी स्वाभाविक आहे. “ब्रेन डेड आहे, पण मशीनवर जिवंत आहे” असलं वाक्य कोणीही उच्चारू नये, अगदी वॉर्डबॉय मामासुद्धा. बोलणारी माणसं एक-दोनच ठेवा. मोठे काका गावाहून निघालेत, ते आल्याशिवाय घरचे ठरवणार नाहीत, असं बहुतेक वेळा असतं. त्यांची वाट बघा. दात्याची काळजी नीट चालू असेल तर तेवढा वेळ मिळतो.

होकार मिळाला तर फॉर्म ८. दाता अल्पवयीन असेल तर फॉर्म ९. घरच्यांना स्पष्ट सांगा की दात्याची देखभाल, अवयव काढणं आणि वाहतूक यांचा खर्च नियमांनुसार त्यांच्यावर येत नाही. हे बिलिंग काउंटरलाही सांगून ठेवा. संमतीनंतरच्या औषधांचं बिल नातेवाइकांच्या हातात पडलेलं मी पाहिलं आहे. त्या घरानं केलेल्या दानाचा तो अपमान होता.

नकार मिळाला तर विषय तिथेच संपतो. पुन्हा विचारायला दुसरा माणूस पाठवायचा नाही.

टप्पा ४: रक्तदाब, या क्रमानं

मेंदूस्तंभ मरताना आधी ॲड्रिनलिनचं वादळ येतं. रक्तदाब २०० च्या पुढे, नाडी भरधाव. थोड्याच वेळात ते ओसरतं, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब कोसळतो. वादळात दाब खाली आणायलाच हवा असेल तर एस्मोलॉलसारखं लगेच उतरणारं औषध वापरा. तासन्‌तास टिकणारं औषध दिलं तर पुढच्या घसरणीत तेच अंगावर येतं.

घसरणीत पहिलं पाऊल सलाईन. औषध नंतर. मॅनिटॉल आणि अति लघवीमुळे बहुतेक दाते कोरडे असतात. रिंगर लॅक्टेटसारखं द्रावण २५०-५०० मिलीच्या टप्प्यांत द्या आणि प्रत्येक टप्प्यानंतर बघा: सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब), इकोवर आयव्हीसी (हृदयाकडे येणारी मोठी शीर), आर्टलाईनची (धमनीतल्या नळीची) लाट. स्टार्चची द्रावणं देऊ नका. दात्याला दिलेला स्टार्च प्रत्यारोपित मूत्रपिंडाला बाधतो, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे.

दुसरं पाऊल व्हासोप्रेसिन, मिनिटाला ०.०१ ते ०.०४ युनिट. सिरिंज पंपात ५० मिलीमध्ये २० युनिट घेतले तर हे तासाला १.५ ते ६ मिली होतं. हे औषध दाबही सावरतं आणि लघवीही आवरतं, म्हणून मी ते आधी सुरू करतो. नॉरॲड्रिनलिन त्यानंतर, शक्य तितक्या कमी डोसवर. त्याचा डोस वाढतच चालला असेल तर दाता अजून कोरडा आहे का ते पुन्हा तपासा.

डोपामिनबद्दल नेहमी विचारलं जातं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत स्थिर दात्यांना मिनिटाला किलोमागे ४ मायक्रोग्रॅम डोपामिन दिलं. पहिल्या आठवड्यात एकापेक्षा जास्त डायलिसिस लागण्याचं प्रमाण किडनी मिळालेल्यांत ३५.४ वरून २४.७ टक्क्यांवर आलं. ते दाते स्थिर होते आणि त्यांचं क्रिएटिनिन ठीक होतं, हे विसरू नका. ६० किलोच्या दात्यासाठी, ५० मिलीत २०० मिलिग्रॅम घेतल्यास, हे तासाला ३.६ मिली पडतं. नाडी पळायला लागली किंवा दाब चढला तर बंद करा. कोसळलेला दाब उचलायला डोपामिन वापरू नका, त्याचा हा उपयोग नाही.

इशारा: नाडी मंदावली तर ॲट्रोपिन काम करत नाही. ते हृदयावरचा व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव अडवतं, आणि त्या व्हेगसचं मेंदूस्तंभातलं केंद्रच मेलेलं असतं. ॲड्रिनलिन किंवा आयसोप्रेनॅलिन हाताशी ठेवा.

तपासणी: सरासरी रक्तदाब ६५ च्या वर, सीव्हीपी ४ ते १०, एकच प्रेशर औषध (दाब वाढवणारं) कमी डोसवर, लघवी तासाला किलोमागे ०.५ ते ३ मिली. हे चार जमत नसतील तर पुढे जाऊ नका, इथेच थांबून कारण शोधा.

टप्पा ५: धो-धो लघवी

या टप्प्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक इथलीच आहे. रेसिडेंट असताना एका रात्री दात्याची युरोबॅग दोनदा भरली आणि दोन्ही वेळा ती रिकामी करून “लघवी छान आहे” असं मी लिहिलं. पहाटे सोडियम १६८ आलं. दाब राखायला तीन पंप लागत होते. लघवी छान नव्हती, दाता वाळत चालला होता.

मेंदूमृत दात्यांपैकी बहुतेकांना डायबेटिस इन्सिपिडस होतो, म्हणजे पिट्युटरीचं लघवी आवरणारं हार्मोन संपतं आणि पाणी वाहून जातं. ओळखायच्या खुणा:

- लघवी तासाला किलोमागे ४ मिलीपेक्षा जास्त. ६० किलोच्या माणसात तासाला २४० मिली.
- रंग पाण्यासारखा, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००५ च्या खाली.
- सोडियम १४५ ओलांडून चढतं आहे.

आधी साखर बघा. साखर ३०० असेल तरी लघवी अशीच येते. तिथे इन्सुलिन लागतं, डेस्मोप्रेसिन (लघवी आवरणारं औषध) नाही. मॅनिटॉलचा शेवटचा डोस कधी गेला तेही बघा.

मग औषध. व्हासोप्रेसिन चालू असेल तर बऱ्याचदा तेवढंच पुरतं. दाब चांगला आहे पण लघवी थांबत नाही, अशा वेळी डेस्मोप्रेसिन १ ते ४ मायक्रोग्रॅम शिरेतून, आणि पुढचा डोस लघवी पुन्हा वाढल्यावरच. इंजेक्शन हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे का, हे पहिल्या चाचणीलाच विचारून ठेवा. मध्यरात्री शोधायला निघालात तर दोन तास सहज जातात.

आता गेलेलं पाणी भरून काढायचं. समजा वजन ६० किलो आणि सोडियम १६१. तूट साधारण ०.६ गुणिले ६० गुणिले (१६१ भागिले १४० वजा १), म्हणजे जवळपास ५.४ लिटर. आकडा बघून धडकी भरते आणि तिथेच दोन चुका होतात.

एक: नॉर्मल सलाईननं भरणं. त्यात सोडियमच असतं, रक्तातलं सोडियम उतरत नाही. दाब सावरेपर्यंत ते ठीक, पुढे नाही.

दुसरी: नुसतं ५ टक्के डेक्स्ट्रोज भरभर सोडणं. तासाला २०० मिली म्हणजे १० ग्रॅम साखर. रक्तातली साखर चढते, साखरेमुळे लघवी वाढते, आणि आपण समजतो की डेस्मोप्रेसिन कमी पडलं. डेक्स्ट्रोजबरोबर इन्सुलिनचा पंप ठेवा आणि रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) तासाला २०० मिलीच्या आसपास साधं पाणी द्या. आतडं पाणी शोषत असेल तर हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा.

एरवी सोडियम हळू उतरवतो, ते मेंदूला सूज येऊ नये म्हणून. मृत्यू प्रमाणित झाल्यावर ती भीती उरत नाही. त्याआधी मात्र नेहमीचाच सावध वेग.

तपासणी: सोडियम आणि पोटॅशियम दर चार तासांनी, लघवी ओसंडत असेल तर दर दोन तासांनी. सोडियम १५५ च्या खाली, साखर १८० च्या खाली. मॅग्नेशियम आणि फॉस्फरस लघवीतून वाहून जातात, तेही दिवसातून एक-दोनदा बघा.

टप्पा ६: तापमान आणि हार्मोन

मेंदू गेल्यावर शरीर स्वतःचं तापमान राखू शकत नाही. एसीच्या झोताखाली दाता ३३ अंशांपर्यंत घसरतो. त्यातून रक्त गोठण्यात बिघाड होतो, नाडी अनियमित होते. चाचण्यांआधी ते किमान ३६ ठेवायलाच हवं.

चाचण्यांनंतरचा प्रश्न वेगळा. २०१५ च्या एका अमेरिकी चाचणीत मृत्यू प्रमाणित झाल्यावर दात्यांना ३४ ते ३५ अंशांवर ठेवलं, तेव्हा किडनी मिळाल्यानंतर पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागण्याचं प्रमाण २८ टक्के होतं, नेहमीच्या तापमानाला ३९ टक्के. पुढे २०२३ मध्ये काढलेली किडनी यंत्रावर ठेवून द्रावण फिरवण्याच्या पद्धतीशी तुलना झाली. यंत्र सरस ठरलं: १९ टक्के विरुद्ध ३०. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी ते वापरावं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी किडनी बर्फाच्या पेटीतच जाते. म्हणून माझं मत असं: प्रोटोकॉल लिहिलेला असेल आणि हृदय-यकृताच्या टीमची हरकत नसेल तर ३४ ते ३५. हे नसेल तर ३५-३६ च्या आसपास ठेवा, गरम हवेचं ब्लँकेट लावून ३७.५ पर्यंत शेकत बसू नका.

स्टिरॉइड बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये आहे, मिथाइलप्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅम किलोमागे. फुप्फुसासाठी आणि दाब सावरायला ते द्या. त्यानं किडनी लवकर चालू होईल ही अपेक्षा मात्र २०१० च्या चाचणीत फोल ठरली. थायरॉइडचं औषध स्थिर दात्याला सरसकट देण्यात अर्थ नाही.

टप्पा ७: व्हेंटिलेटर आणि बाकीचं

टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) आदर्श वजनाच्या किलोमागे ६ ते ८ मिली, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ८ ते १०. सक्शन, कुशीवर वळवणं, डोळ्यांवर ओलसर पट्टी, तोंडाची स्वच्छता, सगळं पूर्वीसारखंच. हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाऊ देऊ नका. क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं म्हणून स्वतःच “किडनी बाद” असं लिहू नका. अशी कित्येक मूत्रपिंडं पुढे चांगली चालतात. तो निर्णय प्रत्यारोपणाच्या टीमचा. तुमचं काम क्रिएटिनिनचा पहिल्या दिवसापासूनचा चढउतार झेडटीसीसीला खरा कळवणं.

टप्पा ८: ओटीकडे

बेड ते ओटी या दहा मिनिटांत दाब कोसळतो, जवळजवळ दर वेळी एकाच कारणानं: निघताना पंप बदलतात आणि व्हासोप्रेसिन मिनिटभर बंद पडतं. निघण्याआधी:

- पंपांची बॅटरी आणि सिरिंज भरलेल्या. प्रेशर औषधाची एक जादा सिरिंज सोबत.
- ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरवर पीप लावलेला, सिलिंडरचा काटा बघितलेला.
- युरोबॅग रिकामी करून आकडा आणि वेळ लिहिलेली.
- लिफ्ट अडवून ठेवलेली. मामांना आधी सांगा.

परळहून येणारी टीम संध्याकाळी सातला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अडकेल, वाशीला येणारी खाडीपुलावर. ती खरंच दारात आल्याचा फोन येईपर्यंत दाता ओटीत नेऊ नका. ओटीतल्या थंडीत दोन तास पडलेला, नोंदी थांबलेला दाता म्हणजे टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात.

ओटीत हातापायांची हालचाल दिसू शकते. ती पाठीच्या कण्याची प्रतिक्षिप्त क्रिया असते. नव्या सिस्टर आणि मामांना हे आधी सांगा, नाहीतर त्या एका क्षणाचा धक्का त्यांच्या मनातून जात नाही. ॲनेस्थेटिस्ट स्नायू शिथिल करणारं औषध देतात. लघवीची नोंद महाधमनीला क्लॅम्प लागेपर्यंत दर तासाला, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) सर्जनच्या सांगण्यावरून.

किडनी थंड पेटीत गेली की क्लॅम्पची नेमकी वेळ पेटीवरच्या लेबलवर लिहा. २४ तासांच्या आत बसवायची असं म्हणतात म्हणून २० व्या तासापर्यंत थांबायचं नसतं, प्रत्येक तास मोजला जातो. ऐरोलीहून मुलुंडकडे पेटी जाणार असेल तर नवी मुंबई आणि मुंबई दोन्हीकडच्या वाहतूक पोलिसांना कोऑर्डिनेटरनं आधी कळवायचं, पेटी गाडीत ठेवल्यावर नव्हे.

टप्पा ९: नंतर

टाके नीट घालून, शरीर पुसून, स्वच्छ चादरीत घरच्यांच्या स्वाधीन करा. मेडिकोलीगल असेल तर पोस्टमॉर्टेमसाठी त्यांना पुन्हा कुठे ताटकळावं लागू नये, ही जबाबदारी आपली.

सातव्या दिवशी कोऑर्डिनेटरला फोन करा. नावं विचारायची नाहीत. दोनच गोष्टी विचारा: दोन्ही किडन्यांनी लघवी कधी सुरू केली, आणि डायलिसिस लागलं का. उत्तर दात्याच्या चार्टच्या प्रतीवर लिहा आणि त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या सिस्टर्सना दाखवा. आमच्याकडे ही वही ड्रग ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात असते.